लाल डबा की लालपरी? गावाला नेणाऱ्या जुन्या एसटीला ही नावं मिळाली कशी?

गणेशोत्सव जवळ आला की सांताक्रूझच्या वाकोल्यासारख्या भागातले चाकरमानी गट आरक्षण करून अख्खी एसटी ठरवतात. एकाच गावची, फार तर शेजारच्या दोन गावांची मंडळी. पिशव्या, मखराचं सामान, डब्यातल्या चपात्या आणि पुढे पनवेल, महाड, कशेडी करत रात्रभराचा प्रवास. सावंतवाडी गाठायची तर जवळपास ५०० किलोमीटर. गाडी बऱ्याचदा जुनी असते. पत्रा वाजतो, खिडकीची काच अर्ध्यावर अडकते. अशा गाडीला कुणी 'लाल डबा' म्हणतं, कुणी 'लालपरी'.

गंमत म्हणजे पहिली एसटी लाल नव्हतीच. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेली गाडी निळ्या आणि चंदेरी रंगाची होती. बॉडी लाकडी, सीट काथ्याच्या. लाल रंग नंतर आला आणि मग नावातच जाऊन बसला.

महामंडळानेही आपल्या गाड्यांना नावं दिली. शिवनेरी, शिवशाही, पंढरपूरच्या भाविकांसाठी विठाई, तर १ जून २०२२ ला आलेली इलेक्ट्रिक शिवाई. पण कागदावरचं नाव लोकांच्या तोंडी बसेलच असं नाही. याचं उत्तम उदाहरण 'एशियाड'. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांसाठी वापरलेल्या निमआराम गाड्या नंतर राज्यात धावू लागल्या आणि लोकांनी त्यांना स्पर्धेचंच नाव दिलं. पुढे निमआराम गाडीचं अधिकृत नाव 'हिरकणी' झालं. रायगडाचा कडा उतरून बाळाकडे गेलेल्या गवळणीचं. नाव सुंदरच, तरी स्टँडवर "पुण्याची एशियाड कधी आहे?" हा प्रश्न कित्येक वर्षं ऐकू येत राहिला.

मग 'डब्या'ची 'परी' कशी झाली? गाडी तीच, बोलणाऱ्याची गरज वेगळी. ज्याच्याकडे खासगी व्होल्वोचा पर्याय आहे, त्याला खडखडाट आधी ऐकू येतो. ज्या वाडीत दिवसातून एखादीच गाडी जाते, तिथे ती चुकली की कॉलेज, दवाखाना, बाजार सगळंच चुकतं. २०२१-२२ मध्ये एसटी कर्मचाऱ्यांचा संप अनेक महिने चालला, तेव्हा हा फरक ठळकपणे दिसला. बातम्यांमधून 'लालपरी' हा शब्द रोज येऊ लागला. आता महामंडळही तो आपलेपणाने वापरतं.

गणपतीच्या गाड्यांना मात्र त्या प्रवासापुरतं तिसरंच नाव मिळतं: गावाचं. जादा गाड्या अनेकदा राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या आगारांतून मागवल्या जातात. चालकाला वाडीचा फाटा ठाऊक नसतो. मग पुढच्या सीटवरचे काका रस्ता सांगत बसतात आणि चहाच्या थांब्यावर, एकसारख्या दहा लाल गाड्यांमध्ये, लोक आपापली गाडी गावाच्या नावानेच शोधतात.