अर्धवेळ म्हणजे अर्धशिक्षित नव्हे : अग्निशमन प्रशिक्षणाचा इतिहास

आजचा विषय तत्त्वज्ञानाच्या निवृत्त प्राध्यापकाने का निवडला, असं तुम्ही विचाराल. उत्तर साधं आहे. शिकणं आणि सवय यांचा संबंध काय, हा आमच्या विषयातला जुना प्रश्न आहे, आणि आगीसमोर उभ्या असलेल्या माणसाइतकी त्याची कठोर परीक्षा दुसरीकडे कुठे होत नाही.

तीर्थपुरीच्या आसपास उसाचे फड आहेत, कापूस आहे. उन्हं चढली, विजेच्या तारा एकमेकींना घासल्या, की ठिणगी पडते. मोठ्या शहरातून बंब येईपर्यंत जी माणसं धावतात ती पगारी अग्निशामक नसतात, आपापला धंदा सोडून आलेली असतात. त्यांना शिकवायचं कसं?

हा प्रश्न नवा नाही. मुंबईत 1803 साली मोठी आग लागली, कोट भागाचा बराच हिस्सा जळाला. पुढे 1855 मध्ये घोड्यांनी ओढायचे बंब आले आणि ते पोलिसांकडे सोपवले गेले. म्हणजे मुंबईचं पहिलं दल अर्धवेळच होतं. पोलिसाचं मुख्य काम वेगळं, आग विझवणं हे वरचं काम. ही व्यवस्था तीसेक वर्षं चालली. 1 एप्रिल 1887 रोजी दल महापालिकेकडे आलं आणि आग विझवणं हा स्वतंत्र पेशा झाला.

यावरून कोणी म्हणेल, अर्धवेळ पद्धतच वाईट. थोडं थांबा. त्याआधी, 1824 मध्ये, स्कॉटलंडच्या एडिंबरा शहरात जेम्स ब्रेडवुड नावाच्या चोवीस वर्षांच्या तरुणाकडे अग्निशमनाचं काम आलं. त्याची माणसंही अर्धवेळच होती. पण त्याने ती निवडली कुठून? गवंडी, सुतार, छपरं शाकारणारे, नळकाम करणारे. भिंत कधी कोसळेल हे गवंड्याला कळतं, तुळई किती तग धरेल हे सुताराला. धंद्यातलं हे ज्ञान फुकट मिळालं, त्यावर ब्रेडवुडने कवायत चढवली. आठवड्यातून एकदा, पहाटे चार वाजता! रस्ते मोकळे, बघे नाहीत, आणि अंधारात काम करायची सवय होते. 1830 मध्ये त्याने आपल्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. अग्निशामकांना कसं शिकवायचं हे मांडणाऱ्या पहिल्या पुस्तकांपैकी ते एक, आणि ते अर्धवेळ माणसांच्या अनुभवातून आलं. मुद्दा हा, की ती माणसं वेळेने अर्धी होती, शिस्तीने पूर्ण होती.

आपल्याकडचा सर्वांत कडू धडा 14 एप्रिल 1944 चा. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाला आग लागली. एकाच जहाजात स्फोटकं होती आणि कापसाच्या गाठीही. दोन प्रचंड स्फोट झाले, अग्निशमन दलाचे 66 जण गेले. म्हणूनच 14 एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. जळतंय काय, हे आधी विचारायचं, पाण्याचा विचार त्यानंतर. कापसाची गाठ वरून विझलेली दिसते आणि आत धुमसत राहते, हे जिनिंगमधल्या हमालालाही ठाऊक असतं.

स्वातंत्र्यानंतर प्रशिक्षणाला घर मिळालं. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1956 मध्ये रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. राज्याच्या अग्निशमन अकादमीचा अग्निशामक अभ्यासक्रम सहा महिन्यांचा आहे. अर्धवेळ सेवेची आपली परंपराही आहे : 6 डिसेंबर 1946 रोजी मुंबई प्रांतात होमगार्ड उभे राहिले. नोकरीधंदा सांभाळून शिकणारी ही माणसं, आणि त्यांच्या शिक्षणात प्रथमोपचार व अग्निशमन येतंच.

आता चालकाबद्दल. लोकांना वाटतं, बंबाचा चालक म्हणजे गाडी पळवणारा. पाच हजार लिटर पाणी म्हणजे पाच टन वजन, आणि टाकी अर्धी असली तर वळणावर पाणी एका बाजूला धडकतं नि गाडी उलटू शकते. म्हणून त्याला वेगाआधी संयम शिकवावा लागतो. 2017 च्या केंद्रीय वाहन चालवण्याच्या विनियमांत रस्त्याचा पहिला हक्क अग्निशमन वाहनाला आहे, मग रुग्णवाहिकेला, मग पोलिसांना. सिग्नल ओलांडायची, वेगमर्यादा मोडायची मुभा आहे, पण इतरांच्या जिवाची काळजी घेऊनच. आणि पोहोचल्यावर त्याचं काम संपत नाही, खरं तिथे सुरू होतं. पंप तोच चालवतो, म्हणून या पदाला चालक-यंत्रचालक म्हणतात. दाब अचानक वाढवला तर नळी धरणारा फेकला जाईल, कमी पडला तर तो आगीसमोर निःशस्त्र. मिनिटाला पाचशे लिटर सोडले तर टाकी दहा मिनिटांत रिकामी होते, मग पुढचं पाणी कुठून, ही विहिरींची माहिती त्याला आधीच हवी.

अ‍ॅरिस्टॉटलने म्हटलं होतं की धैर्य हे धैर्याची कृत्यं करत करत येतं. पुस्तक वाचून ते येत नाही, आणि वर्षातून एक प्रात्यक्षिक बघूनही नाही.

तीर्थपुरी आता नगरपंचायत आहे, आणि घटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा नागरी संस्थांच्या विषयांत आहे. गावात वायरमन आहेत, गवंडी आहेत, वेल्डर आहेत, ट्रॅक्टर नि टँकर चालवणारे आहेत. ब्रेडवुडला हवी होती तशीच ही माणसं. त्यांच्यासाठी आठवड्याची एक पहाट कोण राखून ठेवणार, एवढंच ठरवायचं बाकी आहे. उसाची तोड सुरू होण्याआधी ते ठरलं, तर बरं.