दोन सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि १ कोटी १० लाख गाड्या

आजचा भाग ऑफिसमधल्या नीतीबद्दल आहे, पण भाषण नाही देणार. एक खरी केस सांगतो.

८ ऑक्टोबर २०१५. अमेरिकेच्या संसदेच्या समितीसमोर फोक्सवॅगनचे तिथले प्रमुख मायकेल हॉर्न बसलेत. प्रश्न एकच, हा घोटाळा केला कुणी? त्यांच्या उत्तराचा अर्थ असा, की दोनेक सॉफ्टवेअर इंजिनिअर्सनी केला, कंपनीचा तो निर्णय नव्हता. आता मी पण कोड लिहूनच पोट भरतो. त्यामुळे हे उत्तर मला चांगलंच टोचलं. मग पुढे कोर्टात काय बाहेर आलं ते शोधून वाचलं.

गोष्ट सुरू होते २००६ मध्ये. कंपनीला अमेरिकेत डिझेल गाड्या विकायच्या होत्या. तिथे नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा फार कडक. धूर कमी करणारी यंत्रणा सतत चालवली तर फिल्टर लवकर खराब व्हायचा. डिझाइन बदलायला वेळ आणि पैसा हवा, आणि लाँच तर ठरलेलं. मग सॉफ्टवेअरलाच शिकवलं की गाडी टेस्टिंगच्या रोलरवर आहे की रस्त्यावर, हे ओळख. टेस्ट असेल तर शहाण्यासारखं वाग, रस्त्यावर वाट्टेल तेवढा धूर सोड.

कंपनीत याला एक गोंडस नाव होतं, 'अकॉस्टिक फंक्शन'. म्हणजे आवाजाशी संबंधित काहीतरी! रोजच्या कामात 'फसवणूक' असा शब्द कोण वापरेल? नाव साधं ठेवलं की कामही साधं वाटायला लागतं.

पण सगळे गप्प होते असं नाही. कंपनीने नंतर कोर्टात मान्य केलेल्या हकिकतीनुसार, २००६ च्या शेवटी खालच्या फळीतल्या इंजिनिअर्सनी आक्षेप घेतला आणि तो वरपर्यंत नेला. नोव्हेंबरमध्ये मीटिंग झाली. वरिष्ठांनी सगळं ऐकून घेतलं, काम चालू ठेवायला सांगितलं आणि वर, पकडले जाऊ नका, अशा अर्थाची सूचना दिली. म्हणजे 'दोनेक इंजिनिअर' ही थिअरी तिथेच संपते.

पुढचा प्रकार आपल्या लोकांना लगेच कळेल. काही वर्षांनी ग्राहकांच्या गाड्यांचे पार्ट निकामी व्हायला लागले. इंजिनिअर्सना शंका आली की गाड्या रस्त्यावरही टेस्ट मोडमध्येच राहताहेत. म्हणजे फसवणुकीच्या कोडमध्येच बग! तो कसा काढला? टेस्टमध्ये स्टिअरिंग फिरत नाही, म्हणून स्टिअरिंगचा कोनही तपासायला लावला. एकदा चुकीची गोष्ट सिस्टिममध्ये गेली की तिचा मेंटेनन्सही करावा लागतो, आणि करणारे हात दर वेळी वाढत जातात.

पकडलं कुणी? वेस्ट व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या एका छोट्या टीमने. त्यात अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पन्ना हे दोन भारतीय होते. त्यांनी मोजणीची यंत्रं गाडीतच ठेवून ती खऱ्या रस्त्यावर चालवली. एका गाडीचा धूर मर्यादेच्या १५ ते ३५ पट निघाला. २०१४ मध्ये हा अहवाल आला. तरी कंपनी वर्षभर तांत्रिक कारणं देत राहिली. शेवटी ऑगस्ट २०१५ मध्ये एका कर्मचाऱ्याने वरिष्ठांचा स्पष्ट आदेश मोडून कॅलिफोर्नियाच्या अधिकाऱ्यांना खरं सांगितलं. सप्टेंबरमध्ये जगाला कळलं. जगभरात अशा सुमारे १ कोटी १० लाख गाड्या होत्या. पुण्यात ज्या टेकडीवर आपण सकाळी फिरायला जातो, तिथल्या एआरएआयनेही इथल्या गाड्या तपासल्या, आणि डिसेंबर २०१५ मध्ये भारतातल्या सुमारे ३.२३ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावायचं कंपनीने जाहीर केलं.

शिक्षा? जेम्स लियांग हे ३० हून जास्त वर्षं कंपनीत असलेले इंजिनिअर. गुन्हा कबूल केला, तपासाला मदतही केली. तरी ऑगस्ट २०१७ मध्ये डेट्रॉइटच्या कोर्टाने त्यांना ४० महिन्यांचा तुरुंगवास आणि २ लाख डॉलर दंड सुनावला. 'साहेबांनी सांगितलं होतं' हे तिथे पुरलं नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मॅनेजर ऑलिव्हर श्मिट यांना ७ वर्षं झाली.

मला या सगळ्यात सर्वात अस्वस्थ करते ती नोव्हेंबर २००६ ची मीटिंग. बोलायची हिंमत तिथे होती. कमी पडलं ते पुढचं पाऊल. 'नाही' ऐकल्यावर सगळे जागेवर गेले आणि काम चालू झालं. घरभाडं, ईएमआय, अप्रेझल आपल्यालाही आहे, त्यामुळे त्यांना नावं ठेवणं सोपं नाही. पण म्हणूनच, आपली रेषा कुठली, हे आपण मीटिंगच्या आधी ठरवायला हवं. आक्षेप ईमेलवर लेखी असावा. कंपनीच्या तक्रार यंत्रणेचा पत्ता गरज पडण्याआधी माहीत असावा. आणि आपण लिहिलेल्या फंक्शनचं खरं नाव निदान स्वतःशी तरी घ्यावं.

तुमच्या ऑफिसात कुठल्या कामाला असं गोंडस नाव आहे? विचार करून बघा. भेटू पुढच्या भागात!