मणके सांधण्याची शस्त्रक्रिया आणि रोवणीतली कंबर

भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी अजूनही मोठ्या प्रमाणात हातानेच होते, आणि चिखलणी झालेल्या बांधीत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, लावत दिवसभर कमरेतून वाकून मागे सरकणाऱ्या बाया कंबरदुखीला कामाचाच भाग मानत आल्या आहेत. या दुखण्यावरचा शेवटचा उपाय म्हणून आज सुचवली जाणारी मणके सांधण्याची शस्त्रक्रिया मुळात कंबरदुखीसाठी जन्मलीच नव्हती. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये रसेल हिब्ज आणि फ्रेड अल्बी यांनी ती पुढे आणली ती मणक्याच्या क्षयासाठी. क्षयाने पोखरलेला मणका खचून कुबड येऊ नये म्हणून अल्बी यांनी रुग्णाच्याच नडगीतून हाडाची पट्टी काढून ती मणक्यांच्या काट्यांना चीर देऊन त्यांत बसवली.

१९३४ मध्ये मिक्स्टर आणि बार यांनी दोन मणक्यांमधली चकती सरकून नस दाबली जाते हे दाखवल्यावर शल्यचिकित्सकांचे लक्ष चकतीकडे वळले, सांधणी कंबरदुखीसाठीही होऊ लागली, पुढे मणके जखडणारे स्क्रू आणि सळ्या आल्या, आणि एकविसाव्या शतकाच्या आरंभी पाठीचे स्नायू सोलून न काढता क्ष-किरणांच्या आधाराने नळीतून हेच काम करण्याची, म्हणजे लहान छेदाची, पद्धत रुळली. तिच्यात रक्तस्राव कमी होतो आणि रुग्ण लवकर घरी जातो, हा लाभ खरा आहे. मात्र वर्षा-दोन वर्षांनी वेदना आणि हालचाल मोजली, तर मोठ्या छेदाच्या शस्त्रक्रियेपेक्षा फारसा फरक उरत नाही.

मूळ प्रश्न छेदाच्या लांबीचा नाहीच. मणका पुढे घसरला असेल किंवा नस दाबली गेली असेल, तर सांधणीला आधार आहे. नुसत्या जुनाट कंबरदुखीत तो डळमळीत आहे. २००१ च्या स्वीडनमधील २९४ रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रिया नेहमीच्या व्यायामोपचारापेक्षा सरस ठरली, तर २००५ च्या ब्रिटनमधील ३४९ रुग्णांच्या चाचणीत, नेटाने करून घेतलेल्या व्यायामाच्या तुलनेत, तिचा ठळक लाभ दिसला नाही.

असे निष्कर्ष बहुधा कंबरदुखीमुळे रोजच्या जगण्यात किती अडथळा येतो हे मोजणाऱ्या, १९८० च्या ऑस्वेस्ट्री प्रश्नावलीवर काढले जातात. तिच्या दहा भागांत बसणे, उभे राहणे, चालणे, ओझे उचलणे, झोप, प्रवास हे सारे आहे. तासन्‌तास वाकून राहण्याचा स्वतंत्र भाग नाही. सांधलेले मणके एकमेकांवर वाकत नाहीत, तो भार शेजारच्या मणक्यांवर आणि खुब्यांवर जातो, त्यामुळे पऱ्हे लावणाऱ्या बाईला शस्त्रक्रियेपूर्वी जे सर्वप्रथम कळायला हवे, तेच या आकड्यांतून तिला कळत नाही.