कोची : आश्रितांच्या पेठा

एर्नाकुलमच्या धक्क्यावरून पश्चिमेकडे निघालेल्या प्रवाशाला जुनी कोची प्रथम दिसते ती पाण्यावरून. आणि ते उचितच आहे, कारण हे नगर पाण्यानेच घडविले. परंपरा असे सांगते की 1341 साली पेरियार नदीला महापूर आला. तोवर उत्तरेकडील कोडुंगल्लूर हे केरळचे नामांकित बंदर होते. ग्रीक व रोमन लेखकांचे मुझिरिस याच परिसरात असावे, असे मानतात. पुराच्या गाळाने त्या बंदराची वाट भरून आली आणि दक्षिणेस कोचीपाशी खाडीला समुद्राकडे रुंद मुख मिळाले. व्यापार तिकडे वळला, आणि व्यापाराच्या मागोमाग माणसे आली.

परंतु हे मुख निर्वेध नव्हते. त्याच्यापुढे वाळूचा दांडा आडवा होता आणि मोठी जहाजे बाहेरच नांगरून उभी राहत. 1920 साली रॉबर्ट ब्रिस्टो हा इंग्रज अभियंता येथे आला. त्याने हा दांडा कापून काढण्याचे काम हाती घेतले आणि 26 मे 1928 रोजी ‘पद्मा’ ही आगबोट आतल्या बंदरात शिरली. उपसलेल्या गाळातून जी भूमी तयार झाली, तेच तरीच्या डाव्या हाताला दिसणारे विलिंग्डन बेट. 2023 पासून या पाण्यावर विजेवर चालणाऱ्या ‘वॉटर मेट्रो’च्या नावाही धावू लागल्या आहेत. पलीकडच्या तीरावर उतरले की मात्र गतीचा काही उपयोग नाही. तेथून पायीच हिंडावे.

पाण्याच्या काठावर चिनी जाळी उभी आहेत. लाकडी वाशांची ही अजस्र जाळी दोरांना बांधलेल्या दगडांच्या भाराने तोललेली असतात. चारपाच माणसे एकदिलाने ओढतात तेव्हा जाळे पाण्यातून वर येते. छायाचित्रे घेणारे पुष्कळ, मासळी थोडी, अशी आज त्यांची स्थिती आहे. येथून दोन-चारशे पावलांवर किल्ल्याचा भाग लागतो. किल्ला म्हणावा असे आता तेथे फारसे काही नाही, कारण 1806 साली इंग्रजांनी तट सुरुंग लावून उडविले. पण ‘फोर्ट कोची’ हे नाव टिकले आणि त्या नावामागची हकीकत मोठी चमत्कारिक आहे.

कोचीचा राजा मोठा सत्ताधीश नव्हता. उत्तरेकडील कालिकतच्या झामोरिनची त्याच्यावर सतत दाबदडप असे. 1500 सालच्या डिसेंबरात काब्रालची पोर्तुगीज जहाजे येथे आली तेव्हा राजाने त्यांना वखारीस जागा दिली. पुढे 1503 मध्ये झामोरिनने मागणी केली की पोर्तुगीजांना आमच्या हवाली करा. राजाने नकार दिला. झामोरिनच्या सैन्याने कोची जाळली. राजा समोरच्या वैपीन बेटावर आश्रयास गेला आणि मदत येईपर्यंत तेथे राहिला, पण शरण आलेले लोक त्याने शत्रूच्या हाती दिले नाहीत. त्याच वर्षी पोर्तुगीजांनी येथे किल्ला बांधला. भारताच्या भूमीवरील युरोपियांचा तो पहिला किल्ला होय. दिल्या शब्दाला जागणाऱ्या राजाच्या नगरात परक्या सत्तेचे पहिले ठाणे उभे राहिले, हा इतिहासाचा न्याय म्हणावा की उपहास, ते ज्याचे त्याने ठरवावे. राजाच्या मनात धर्माबरोबर मिरीचा व्यापारही होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

जवळच सेंट फ्रान्सिसचे चर्च आहे. 24 डिसेंबर 1524 रोजी वास्को द गामा कोचीस निवर्तला आणि त्याला येथे पुरले. पुढे त्याच्या अस्थी पोर्तुगालला नेल्या. येथे उरली ती कठड्यातील एक फरशी. 1663 साली डचांनी कोची घेतली आणि या कॅथलिक देवळाचे प्रॉटेस्टंट देऊळ केले. 1795 साली इंग्रज आले आणि ते त्यांच्या पंथाकडे गेले. एका भिंतीत पोर्तुगीजांच्या थडग्यांच्या शिळा, समोरच्या भिंतीत डचांच्या! जिवंतपणी एकमेकांच्या जिवावर उठलेले हे लोक आता समोरासमोर निमूट उभे आहेत.

फोर्ट कोचीहून मट्टनचेरीस जाणारा रस्ता सुमारे तीन किलोमीटरांचा आहे. बाजार रस्त्याला लागले की वारा बदलतो. समुद्राची खारट हवा मागे पडते आणि वखारींतून सुंठ, मिरे, वेलदोडे यांचा दर्प येऊ लागतो. गुजराती आणि कच्छी व्यापाऱ्यांच्या पेढ्या येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या. चालताना सहसा लक्षात येत नाही, पण वाटेत एक राज्यसीमा ओलांडली जात असे. इंग्रजी अमलात फोर्ट कोची हा ब्रिटिश मुलूख, तर मट्टनचेरी आणि एर्नाकुलम ही कोची संस्थानची गावे. या साऱ्यांची मिळून एक महानगरपालिका झाली ती 1967 साली.

मट्टनचेरीचा राजवाडा पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या मध्यास बांधून राजाला भेट दिला, आणि पुढे डचांनी दुरुस्त केला म्हणून नाव मात्र डच राजवाडा असे पडले. आतल्या भिंतींवर रामायणाची चित्रे आहेत. या वाड्याला लागून राजघराण्याचे देऊळ, आणि त्याच्या शेजारीच ज्यूंचे प्रार्थनामंदिर! कोडुंगल्लूरची आपली जुनी वसाहत उद्ध्वस्त झाल्यावर जे ज्यू दक्षिणेस आले, त्यांना राजाने जागा दिली ती गावाबाहेर नव्हे, स्वतःच्या वाड्याशेजारी. स्पेन आणि पोर्तुगालमधून हाकललेले ज्यूही येथे येऊन मिळाले. 1568 साली उभारलेल्या या मंदिराला ‘परदेशी’ असेच नाव आहे. येथून कोस-दीड कोसावर पोर्तुगीजांचा किल्ला होता. आणि पोर्तुगीज राज्यात तर ज्यूंचा छळ चालू होता. एकाच राजाचे मित्र ते पोर्तुगीज, आणि आश्रित हे ज्यू! 1662 च्या धामधुमीत पोर्तुगीजांनी हे मंदिर लुटले, जाळले. डच आल्यावर 1664 मध्ये ते पुन्हा उभे राहिले. त्याचा घड्याळाचा मनोरा 1760 चा. आतली फरशी चीनमधून आणलेल्या निळ्या नक्षीच्या तुकड्यांची.

आश्रितांनीही आपसांत उच्चनीचता पाळली, हे सांगितले पाहिजे. ज्यांचे पूर्वज दास होते, त्या ज्यूंना या मंदिरात बरोबरीने बसू देत नसत. ए. बी. सालेम नावाच्या त्यांच्यातील एका वकिलाने विसाव्या शतकात याविरुद्ध मंदिरातच सत्याग्रह केला. मराठी माणसाचाही या पेठेशी एक धागा आहे. कोकणातील बेने इस्रायलांना, आपल्या ओळखीच्या शनवार तेल्यांना, एकोणिसाव्या शतकात धर्मपाठ देणारे शिक्षक कोचीहून आले होते. 1968 साली मंदिराची चारशे वर्षे साजरी झाली, तेव्हा पंतप्रधान इंदिरा गांधी उपस्थित होत्या आणि टपाल तिकीटही निघाले. पण तोवर बहुतेक घरे इस्रायलला निघून गेली होती. कोणी हाकलले नव्हते. ते आपण होऊन गेले. आता त्या गल्लीत जुन्या वस्तूंची दुकाने आहेत आणि सामूहिक प्रार्थनेस लागणारे दहा प्रौढ पुरुष त्या समाजातून मिळत नाहीत.

राजवाड्यापासून थोडे पुढे चेरळाई भागात गेले की कानावर कोंकणी पडते, आणि मराठी श्रोता थबकतो. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मछळाला कंटाळून गोव्याहून निघालेले गौड सारस्वत येथे वसले. त्यांचे व्यंकटेशाचे मंदिर तिरुमल देवस्वम या नावाने प्रसिद्ध आहे. डच गव्हर्नर व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला, त्यात इट्टी अच्युतन या वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट या तिघा कोंकणी ब्राह्मणांचे साहाय्य होते. त्यांनी 1675 मध्ये लिहून दिलेले प्रमाणपत्र नागरी लिपीत आहे, आणि 1678 साली अॅम्स्टरडॅमला छापलेल्या पहिल्या खंडात ते त्या लिपीतच प्रसिद्ध झाले. गोव्यातून पळालेल्यांच्या वंशजांची अक्षरे कोचीमार्गे हॉलंडात पोचली!

याच पेठेवर कोचीच्या राजसत्तेने हातही उगारला. शक्तन तंपुरान या कर्तबगार पण कठोर राजाने 1791 साली देवस्थानावर धाड घातली. पुढारी मारले गेले, संपत्ती जप्त झाली. ज्यांनी एकदा घर सोडले होते ते पुन्हा निघाले. व्यंकटेशाची मूर्ती त्यांनी त्रावणकोरच्या हद्दीत आलप्पुळास नेली. तेथे ती साठ वर्षांहून अधिक काळ राहिली. 1853 साली मंडळींनी ती गुपचूप कोचीस परत आणली.