राहेलीचें रुदन आणि बेथलेहेमचीं बालकें

२ फेब्रुवारीस आपण हातीं मेणबत्त्या घेऊन देवळांत उभे राहतों, तेव्हां वृद्ध शिमोनाचें भाकीत आपल्या कानीं पडतें. चाळीस दिवसांचें बालक हातीं घेऊन त्यानें पवित्र मरियेस सांगितलें कीं, तिच्या काळजांतून तरवार आरपार जाईल. त्या तरवारीचें पहिलें पातें मात्र दुसऱ्याच मातांना लागलें. त्यांच्या मुलांचा सण, २८ डिसेंबर, पवित्र ख्रिस्तसभेनें नाताळाच्या अष्टकांतच ठेविला आहे. १९६० पर्यंत त्या दिवशीं, रविवार नसल्यास, धर्मगुरु जांभळीं वस्त्रें घालीत व मिस्सेंत ग्लोरिया होत नसे; आतां हुतात्म्यांचा लाल रंग वापरतात. लाल रंग बालकांचा खरा, पण जांभळा रंग त्यांच्या आयांचा होता, असें आम्हांस वाटतें.

या आयांसाठीं संत मत्तयानें यिर्मया प्रवाद्याच्या एकतिसाव्या अध्यायांतील राहेलीस बोलाविलें. याकोबाची ही पत्नी बाळंतपणांत वाटेंतच वारली व बेथलेहेमच्या रस्त्यावर पुरली गेली. प्रवाद्यानें तिचें रडणें ऐकलें तें रामा गांवीं, यरुशलेमच्या उत्तरेस. ख्रिस्तपूर्व ५८७ च्या सुमारास बाबेलच्या सैन्यानें यरुशलेम पाडल्यावर बेड्या घातलेले बंदी रामा येथें आणले गेले. त्यांत स्वतः यिर्मयाहि होता.

येथें एका बारीक गोष्टीकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. पवित्र कुटुंब मिसर देशांत गेलें तें प्रवाद्याचें वचन पूर्ण व्हावें म्हणून, असें मत्तय लिहितो. हेरोदाच्या कत्तलीपाशीं येतांच तो हें "म्हणून" सोडून देतो. तेव्हां वचन पूर्ण झालें, इतकेंच सांगतो. यहूदाच्या तीस नाण्यांनीं कुंभाराचें शेत घेतलें गेलें, तेथेंहि त्यानें असेंच केलें आहे. मूळ ग्रीक शब्दांतील हा फरक आम्ही सहज झालेला मानीत नाहीं. तान्ह्या मुलांचें मरण देवास हवें होतें, असें लिहावयास त्याचा हात धजला नाहीं.

मृत बालकांची संख्या ग्रीक परंपरा १४,००० सांगते. बेथलेहेम तेव्हां खेडेंच होतें. अभ्यासक बहुधा वीसपंचवीसच्या आंतच मोजतात. ज्यू इतिहासकार योसेफस या कत्तलीविषयीं कांहींच लिहीत नाहीं, म्हणून कित्येक विद्वान् शंका घेतात. परंतु हेरोदानें पत्नी मरियम्ने व आपले तीन पुत्र मारविले, हें त्याच योसेफसानें लिहून ठेविलें आहे. राजपुत्रांचीं नांवें बखरींत राहतात; खेड्यांतल्या वीस पोरांचीं कोण लिहितो?

यिर्मयाच्या पुढच्याच वचनांत राहेलीस डोळे पुसावयास सांगितलें आहे, कारण तिचीं मुलें शत्रूच्या देशांतून परत येणार होतीं. तें वचन मत्तयानें येथें घेतलें नाहीं. हेरोद मेल्यावर मिसरांतून एकच बालक परत आलें, आणि त्याच्या मातेपुढें शिमोनाची तरवार अद्याप उभीच होती.