शमादानापासून गॅसच्या शेगडीपर्यंत

उर्दू शाळेत आम्ही ‘मोमबत्ती’ म्हणतो, मराठीच्या पुस्तकात ‘मेणबत्ती’ येते. मोम हा शब्द फारसी. मेण संस्कृत ‘मदन’वरून प्राकृतातून आले. दोन्हींचा मूळ अर्थ मधमाशीचे मेण. बत्ती मात्र दोघींची एकच, ‘वर्ति’पासूनची. आज उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात कार्यानुभवाच्या तासाला मुली मेणबत्त्या करतात, तेव्हा भांड्यात असते पॅराफिन. ते मधमाशीचे नव्हे, खनिज तेलातले. हा बदल झाला नसता तर सुगंधी मेणबत्ती आमच्या स्वयंपाकघरांत पोहोचलीच नसती.

मधमाशीचे मेण महाग. म्हणून तिचा जुना इतिहास वाचायचा तर दरबारातच जावे लागते. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त लिहून ठेवले आहे की, सूर्यास्त होताच सोन्याचांदीच्या बारा शमादानांत बारा काफूरी शमा पेटवून बादशहापुढे आणीत आणि एक गवई हाती शमा घेऊन ईश्वरस्तुती गाई. काही शमा तीन गजांहून उंच असत. फारसीत ‘काफूरी’ म्हणजे शुभ्र असाही अर्थ होतो, तेव्हा प्रत्येक काफूरी शमा कापराचीच होती असे धरू नये. पण सुगंधाचे खाते होतेच. ‘खुशबूखाना’ नावाचे, आणि शाह मन्सूर त्याचा प्रमुख. अधिकाऱ्याचे नाव आले, अत्तरांचे भावही आले. वात वळणाऱ्या हातांची नावे मात्र आली नाहीत.

1830 साली कार्ल राइखेनबाख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पॅराफिन वेगळे केले. पुढे खनिज तेलातून ते भरपूर निघू लागले. आपल्याकडे आसामात दिग्बोईची रिफायनरी 1901 सालची. मेण स्वस्त झाले.

ती पेटवायची काडी तर आमच्या दारातच तयार झाली. 1922 साली परदेशी काडेपेट्यांवर जबर जकात बसली आणि 1923 साली स्वीडिश भांडवलावर वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विम्को, निघाली. अंबरनाथला तिचा कारखाना झाला. विम्को नाका हे नाव त्याचेच. शेजारी कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी तिथे राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. बरॅकींत घर थाटलेल्या बायकांनी पापड, लोणची करून संसार सावरले. कारखान्याला हजेरीपट होता. पापडाला कुठला हजेरीपट?

मेणबत्तीचे काम याच दुसऱ्या जातीचे. 2005 नंतरची काही वर्षे भारनियमनाने साधी मेणबत्ती घरोघरी नेली. सुगंधी मेणबत्ती तिची शहरी धाकटी बहीण. कृती सोपी आहे. पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून त्यात 200 ग्रॅम पॅराफिन वितळवावे. साठ अंशांच्या आसपास ते पातळ होते. थेट आचेवर कधीही नको, फार तापले तर वाफ पेट घेते. साच्याला आतून तेलाचा हात फिरवावा, सुती वात आधी मेणात बुडवून ताठ करावी. गॅस बंद करून मेण जरा निवले की मेणबत्तीसाठीचे सुगंधी तेल 10 ते 12 ग्रॅम ढवळावे. अल्कोहोलचा सेंट घालू नये, भडका उडतो. सुगंध जळून दरवळतो हा समज चुकीचा. ज्योतीखाली वितळलेल्या मेणातून तो उडतो. म्हणून गरम मेणात घाईने ओतलेले महागडे तेल साच्यात जाण्याआधीच निम्मे हवेत जाते!

घरी बसून असे काम करणाऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 1996 साली स्वतंत्र करार, क्रमांक 177, संमत केला. मजुरी, सुरक्षितता, बाळंतपणाचे संरक्षण यांत त्यांना इतर कामगारांच्या बरोबरीने वागवावे, असे तो सांगतो. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

कार्यानुभवाच्या वहीत कृतीखाली आम्ही आता चार ओळी जास्त लिहायला लावतो: घरात हे काम कोण करते, मेण कुठून आणले, डझनाला काय सुटले, किती तास लागले. पहिल्या तीन ओळी बहुतेक भरून येतात. तासांच्या ओळीत कुणी ‘स्वयंपाक झाल्यावर’ लिहिते, कुणी ‘अब्बा झोपल्यावर’. त्याची बेरीज करता येत नाही. आम्ही ते खोडत नाही, वही तशीच कपाटात ठेवतो.