परांजपे, सई

(१९ मार्च १९३८). रंगभूमी, दूरचित्रवाणी आणि चित्रपट या तिन्ही माध्यमांत ठसा उमटवणाऱ्या लेखिका-दिग्दर्शिका. जन्म लखनौचा, वाढल्या पुण्यात, आजोबा रँग्लर र. पु. परांजपे यांच्या घरी. संततिनियमनाच्या प्रचारक व लेखिका शकुंतला परांजपे या त्यांच्या आई. सई यांचे ‘मुलांचा मेवा’ हे पुस्तक वयाच्या आठव्या वर्षी निघाले. पुणे आकाशवाणीवर मुलांचे कार्यक्रम केल्यावर त्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकल्या (१९६३).

पुढे दिल्ली दूरदर्शनवर त्यांनी निर्माती-दिग्दर्शिका म्हणून काम केले. त्यांच्या चित्रपटांची घडण इथलीच. पैसा थोडा, मोठ्या सेट्सची सोय नाही. त्यामुळे सारी भिस्त बोलण्यावर आणि माणसांच्या बारीकसारीक लकबींवर. ‘चष्मे बद्दूर’ (१९८१) मुळात ‘धुआँ धुआँ’ ही टेलिफिल्म होती. त्यात दीप्ती नवल दारोदार ‘चमको’ पावडर विकते. बादलीत टॉवेल बुडवून ती प्रात्यक्षिक दाखवते आणि समोरचा फारुख शेख टॉवेलाऐवजी तिच्याकडेच पाहत राहतो. प्रेमकथा इतक्या घरगुती साधनांवर उभी करणे हे परांजपे यांचे खास कसब.

‘स्पर्श’ अंध मुख्याध्यापकाची गोष्ट सांगतो. पण त्याची कीव करत नाही, त्याचा ताठाही लपवत नाही. नसीरुद्दीन शहा यांना अभिनयाचे आणि परांजपे यांना पटकथेचे राष्ट्रीय पारितोषिक याच चित्रपटाने मिळवून दिले. ‘कथा’ (१९८३) हा चित्रपट शं. गो. साठे यांच्या ‘ससा आणि कासव’ या नाटकावर बेतलेला असून मुंबईतील चाळ त्यात पात्रासारखीच वावरते. ‘अडोस पडोस’ (१९८४) व ‘छोटे बडे’ (१९८५) या मालिकांसाठी त्या पुन्हा छोट्या पडद्याकडे वळल्या. त्यांच्या नाटकांत ‘जास्वंदी’ व ‘सख्खे शेजारी’ प्रसिद्ध आहेत.

‘दिशा’ (१९९०) हा चित्रपट मात्र उपेक्षित राहिला. पाण्यासाठी वर्षानुवर्षे विहीर खणत राहणारा गावचा परशराम (ओम पुरी) आणि गाव सोडून मुंबईच्या गिरणीत गेलेला तरुण (नाना पाटेकर) यांच्यातून त्यांनी दुष्काळी महाराष्ट्र जसा पकडला, तसा हिंदी पडद्यावर क्वचितच दिसतो. २००६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. ‘सय’ हे त्यांचे आत्मकथन. परांजपे यांना केवळ हलक्याफुलक्या विनोदाच्या दिग्दर्शिका मानणाऱ्यांनी ‘दिशा’ आवर्जून पाहावा.